सीझन

आमच्या घरातला कूलर यंदा कोरडा फिरतो.
इंदोऱ्यात कोणालाही विचारा,
कूलरवाला मेश्राम कुठे राहतो, बोट दाखवतील,
आणि त्याच मेश्रामच्या घरी, पारा पंचेचाळीसवर असताना,
पंप बंद, वाळा सुका,
पंखा नुसता गरम वारा ढकलतो.
प्लॅस्टरला ओल चालत नाही.

खेमा जुलैत पाच वर्षांची होईल.
छातीपासून डाव्या पावलापर्यंत पांढरी,
उजवीकडे गुडघ्यापर्यंत,
दोन पायांमध्ये आडवी दांडी.
दांडीला धरून उचलायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं.
शी-शूसाठी एक खिडकी सोडली आहे.
तिच्या काठाला मी रोज सकाळी पॉलिथिन चिकटवतो,
टाकीला गॅस्केट बसवतो तसं.
सुरकुती राहिली की गळतं.

तिची आई मेडिकलला, वॉर्डात,
दिवसभर दुसऱ्यांची माणसं कुशीवर वळवते.
सुट्टी घेतली की पगार कापतात.
माझं दुकान आपलं.
म्हणून मी.

दोन तास उताणी, दोन तास पालथी.
चाळीस किलोचा पत्र्याचा कूलर
मी खांद्यावर घेऊन तीन माळे चढलो आहे.
पहिल्यांदा हिला वळवताना हात थरथरले.

फोन वाजत राहतो.
भाऊ, पंप जळला.
भाऊ, घरी म्हातारी माणसं आहेत.
भाऊ, तुम्ही शनिवारी येतो म्हणाले होते.
दोन महिन्यांत वर्षाचं कमवायचं असतं आमच्या धंद्यात.
धीरज जमेल तेवढं सांभाळतो,
मग त्याचाही फोन येतो, लाल वायर कुठं लावू?

तिला खाज सुटते. आत, जिथे बोट पोचत नाही.
आधी कुणकुण, मग रडणं,
मग प्लॅस्टरवर बुक्क्या, ठक ठक.
गजभियेकाकू विणायची सुई घेऊन आल्या.
मी परत पाठवली.
माळ्यावरून जुना ब्लोअर काढला, त्याला पाइप जोडला,
तोंडाला मलमलचा तुकडा बांधला
आणि पोटाजवळच्या फटीतून बारीक हवा आत सोडली.
ती गप्प झाली. डोळे मोठे.
"बाबा, पायाले हवा लागून राहिली."
मग थोड्या वेळानं,
"आतमंधी तो एकटा का करून राहिला?"
हाडाला हाड जोडतोय, म्हणालो.
"कशानं?"
मला कुठे माहीत. वेल्डिंग, म्हणालो.

कशी पडली, सगळेच विचारतात.
खेळता खेळता, असं सांगतो.
अंगणात स्टँड उभा होता,
त्याचा एक बोल्ट मी संध्याकाळी कसणार होतो.
उज्ज्वलानं पँट धुताना तो खिशातून काढला,
खिडकीत ठेवला, काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा खिशात टाकला.

बेचाळीस दिवसांनी प्लॅस्टर कापलं.
करवतीचा आवाज ऐकून ती हसली, "ग्राइंडर!"
मग पाय निघाला.
काडीसारखा, काळपट, पापुद्रे सुटलेला.
तिनं एकदा पाहिला आणि तोंड फिरवलं.
"हा माहा नोहे."

रोज कोमट पाणी, रोज खोबरेल,
तिच्याच पायाशी तिची थोडी थोडी ओळख.
उभी राहायचं नाव नाही.
घाई करू नका, डॉक्टर म्हणाले, तिची ती उठेल.

काल संध्याकाळी कूलरमध्ये पाणी सोडलं.
सीझन सरला, आता कोणाचा फोन येत नाही.
वाळा भिजला, वास घरभर झाला,
आणि खेमा गादीवरून खाली घसरली.
दोन तळहात, एक गुडघा,
बऱ्याच वेळानं दुसरा.
कूलरकडे निघाली. थांबली.
ढुंगण वर, मान खाली. पुन्हा निघाली.

काय झालं, उज्ज्वलानं आतून विचारलं.
काही नाही, म्हणालो.

दहा महिन्यांची असताना ती रांगायला लागली होती,
मे महिना होता,
मी कोणाच्या तरी गच्चीवर होतो.